बावीस क्रेडिट आणि आत्याचा प्रश्न

कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले. "मग, कसं आहे कॉलेज?" हा प्रश्न या तीन आठवड्यांत इतक्या जणांनी विचारला की प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच काय ते लिहून टाकावं म्हटलं. शिवाय आत्याने एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर जेवताना, ताटावर बसून, दोन वाक्यांत देण्यासारखं नाही. आत्या, दादा तुला हे वाचून दाखवतो हे मला माहीत आहे. तर आज शेवटपर्यंत ऐक, मधेच भाजी फोडणीला टाकायला उठू नकोस.

ज्यांना नारपोली माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आम्ही भिवंडीत राहतो. अंजूर फाटा आणि धामणकर नाका यांच्या आसपासचा हा भाग. अख्ख्या भिवंडीसारखी इथेही लूमच्या कारखान्यांची वस्ती. कारखाना म्हणजे मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याची शेड, आत सहा-आठ-बारा लूम, आणि दिवसरात्र खटाखट खटाखट. लहानपणी मी मामाकडे गावी गेले की मला झोप यायची नाही, शांतता फार व्हायची. आता आमच्या गल्लीत निम्म्या शेड बंद आहेत. काहींची गोदामं झालीत. लोक ऑनलाइन मागवतात ते सगळं आधी इथे येऊन पडतं.

कॉलेज मात्र कल्याणला. दोन ठिकाणी नाव लागलं होतं, मी कल्याण घेतलं. खरं कारण सांगू? रोज खाडी ओलांडायला मिळेल म्हणून. सव्वासहाला घरातून निघायचं, कल्याण नाक्यावरून शेअर रिक्षा, मग कोनगाव, मग दुर्गाडीचा पूल. पावसामुळे रस्त्याची चाळण झालीय, त्यामुळे पुलापर्यंत पोचेस्तोवर डबा आणि पोट दोन्ही ढवळून निघतात. पण पुलावर आलं की डावी-उजवीकडे सगळं पाणीच पाणी आणि समोर किल्ल्याचा बुरूज. तेवढी दोन मिनिटं अगदी पिकनिकला निघाल्यासारखं वाटतं. मग साडेसातचं लेक्चर.

आता वेळापत्रक. पहिल्या दिवशी नोटीस बोर्डवर जे लावलं होतं ते वाचून मला वाटलं की हे भलत्याच कुठल्या खात्याचं आहे. मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी! मी फोटो काढून घरी दाखवला. बाबांनी चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "यातला अभ्यास कुठला?"

तर अभ्यास सगळाच आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता असंच असतं, आमच्यासारख्या मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत हे २०२४-२५ पासून सुरू झालं. एका सेमिस्टरला बावीस क्रेडिट. माझा मेजर अर्थशास्त्र, त्याचे सहा. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपली शाखा सोडून दुसरीकडचा विषय, त्याचे चार. बाकीचे दोन-दोनचे तुकडे: कौशल्याचे दोन प्रकार, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि शेवटी एनएसएस किंवा खेळ वगैरे. सहा आणि चार दहा, आणि सहा दुणे बारा, झाले बावीस. साधारण पंधरा तास वर्गात बसलं की एक क्रेडिट. म्हणजे मी आता तास मोजून शिकते, बाबा मीटर मोजून विणायचे तसंच. :)

भाषेची भीती होती ती सांगते. माझी शाळा मराठी माध्यमाची, ज्युनिअर कॉलेजही मराठीतूनच. बारावीला "घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत" घडाघडा म्हणून दाखवायचे. इथे पहिल्याच दिवशी मॅडम "मार्जिनल युटिलिटी" म्हणाल्या आणि मी शेजारणीकडे बघितलं, शेजारीण माझ्याकडे बघत होती. चार दिवसांनी मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी (उच्चार देवनागरीत). आज त्या पानावर त्रेचाळीस जोड्या आहेत. त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू माझ्या ओळखीच्याच निघाल्या, नुसतं नाव वेगळं! शिवाय आर्ट्सचा पेपर मराठीतून लिहिता येतो, त्यामुळे रात्री झोप लागते.

वर्ग म्हणजे मोठं गंमतीचं प्रकरण आहे. एकशेवीस जणांचा वर्ग. पहिल्या आठवड्यात बाकावर जागा नव्हती, आता पाऊस वाढलाय तसा वर्ग रिकामा होत चाललाय. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि उरलेल्या पंचवीस टक्क्यांचं नियोजन तर त्याहून पक्कं! मागे बसणारे मराठी-हिंदी मिसळून बोलतात, पुढे बसणारे इंग्रजीत बोलतात, आणि मॅडम तिन्ही भाषांत ओरडतात.

भाषेच्या तासाला प्रत्येकाने उभं राहून दोन मिनिटं बोलायचं होतं. माझी पाळी आली, मी सुरू केलं, आणि सर दचकलेच. "अगं माईक नाहीये ना तुझ्याकडे?" सगळे हसले. त्याला कारण आहे. लूम चालू असताना शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वर आवाज असतो, तिथे बाबांना जेवायला बोलवायचं तर बेंबीच्या देठापासून हाक मारावी लागते. आमच्या गल्लीत कुजबुज हा प्रकारच नाही. पण शेवटच्या बाकावरचा मुलगा नंतर म्हणाला, "आजच्या तासाला एवढं एकच भाषण ऐकू आलं." एनएसएसच्या घोषणा द्यायला माझी निवड झालीय. कशाचा कुठे उपयोग होईल सांगता येत नाही!

भारतीय ज्ञान प्रणालीचा तास दोन क्रेडिटचा, म्हणून कोणी फारसं मनावर घेत नाही. मीही तशीच बसले होते. पण मॅडमनी पहिलाच गृहपाठ दिला तो असा: घरात कोणाला तरी येतं पण पुस्तकात सापडणार नाही असं काहीतरी लिहून आणा. मला फार शोधावं लागलं नाही. बाबा धागा चिमटीत धरून फिरवतात आणि काउंट सांगतात. काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. साठ काउंट म्हणजे साठ लड्या. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. हा हिशेब पुस्तकात सापडेल, पण बोटांना ते कळतं कसं हे कुठे सापडणार? बाबांना विचारलं तर म्हणाले, "कळतं." मी तेच लिहिलं. मॅडमनी खाली लाल शाईने लिहिलंय, "पुढे विचारा. कसं कळतं ते त्यांच्याकडून काढून घ्या." गेले दोन रविवार तोच उद्योग चालू आहे.

आता अर्थशास्त्र. इथे मात्र सावकाश सांगते, कारण आत्याच्या प्रश्नाकडे जायची वाट इथूनच आहे.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, स्थिर खर्च आणि बदलता खर्च, आणि उदाहरणं विचारली. कोणी वडापावची गाडी सांगितली, कोणी मोबाईलचं दुकान. मी लूमचा कारखाना सांगितला. शेडचं भाडं आणि कर्जाचा हप्ता लूम चालो न चालो द्यायचाच. कामगाराची मजुरी, वीज, तेल हे लूम चालले तरच. मॅडम म्हणाल्या, "छान. मग मालक तोट्यात असेल तर लूम चालवेल की बंद करेल?" आख्खा वर्ग ओरडला, "बंद!" मी ओरडले नाही. कारण आमच्या घरी लूम तोट्यात चालत होते.

माझ्या आजोबांनी पहिले दोन लूम घेतले ते मुंबईच्या गिरणी संपानंतर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्यांचं काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांकडे आलं, आणि गिरण्यांतले जुने माग भंगाराच्या भावात मिळायचे. दोनाचे पुढे सहा झाले. बाबा जॉबवर काम करायचे, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आपण फक्त विणून द्यायचं आणि मीटरमागे मजुरी घ्यायची. नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, काम कमी झालं, मजुरीचा दर पडला. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी शेडला कुलूप लावलं. बाबा चालवत राहिले. घरात वाद झाले. काका म्हणाले, "तोट्यात धंदा करतो, याला काय म्हणायचं?" आत्या, तूही तेव्हा आली होतीस आणि रागावून, चहा न घेता गेली होतीस.

मॅडमनी फळ्यावर गणित मांडलं. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेले. समजा भाडं-हप्ता महिना दहा हजार. लूम चालवले तर मजुरी, वीज, तेल यांचे आणखी तीस हजार. विणाईचे आले छत्तीस हजार. म्हणजे चालवून तोटा चार हजार. आणि बंद ठेवले तर? काही येणार नाही, दहा हजार मात्र जाणार. म्हणजे बंद ठेवून तोटा दहा हजार! तर चालवणाराच शहाणा. पण उत्पन्न अठ्ठावीस हजारांवर आलं तर चालवून तोटा बारा हजार होतो, तेव्हा बंद केलेलं बरं. थोडक्यात काय, रोजचा बदलता खर्च भरून निघतोय तोवर थांबू नये. हा नियम जगभरच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत आहे.

मी वहीत लिहून घेतलं आणि नंतरची दहा मिनिटं मला काही ऐकू आलं नाही. ज्याला सगळे हट्ट म्हणत होते त्याला फळ्यावर नियम म्हणत होते. बाबांनी हे गणित कुठे शिकलं नव्हतं, रात्री सिगारेटच्या पाकिटाच्या मागे आकडे मांडायचे एवढंच मला आठवतं. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, त्यानंतर त्या पाकिटावर आकडे जुळेनात, तेव्हा त्यांनी थांबवलं. सहाही लूम किलोच्या भावाने गेले. आता बाबा एका गोदामात माल उतरवून घेण्याचं आणि नोंदी ठेवण्याचं काम करतात.

त्या रात्री मी त्यांना फळ्यावरचं गणित दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "हे बरोबर आहे. पण कामगार टिकवायचा खर्च यात धरलेला नाही. एकदा बंद केलं की चांगला माणूस गावी जातो, परत येत नाही." दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा मुद्दा पुढच्या वर्षी येणार आहे."

आता आत्याचा प्रश्न.

पहिल्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. एका सरांनी नवीन पद्धत समजावून सांगताना अगदी उत्साहाने सांगितलं की आता तीन वर्षं पूर्ण केलीच पाहिजेत असं नाही. एक वर्ष झालं, चव्वेचाळीस क्रेडिट मिळाले आणि वर आणखी चार क्रेडिटचा कामाचा कोर्स केला, की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी डिप्लोमा. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. हॉलमध्ये बऱ्याच आयांनी आणि वडिलांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या मुलीने मान खाली घातली. तिचं जमायला घेतलंय.

आणि ही बातमी नारपोलीत माझ्या आधी पोचली. रविवारी आत्या आली आणि म्हणाली, "मग एक वर्ष कर की! सर्टिफिकेट मिळतंय ना? एवढ्या लांब रोजचं जाणं-येणं, पावसापाण्याचं. स्थळं बघायला सुरुवात करू, पुढचं पुढे बघू. परत बसता येतंच म्हणे."

आत्या, तू वाईटासाठी बोलली नाहीस हे मला कळतं. आणि हा नियमही वाईटासाठी केलेला नाही, तेही कळतं. बाबांचंच बघ. १९९६ ला त्यांनी भिवंडीच्या बीएनएन कॉलेजात एफवायबीकॉमला नाव घातलं होतं. आजोबा अंथरुणाला खिळले, लूम कोण बघणार, म्हणून पहिल्या वर्षानंतर सुटलं. त्या वर्षाचं त्यांच्याकडे दाखवायला काही नाही. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात ते आजही "बारावी" लिहितात. तेव्हा हा नियम असता तर त्यांच्या हातात एक कागद असता आणि पुढे परत जायची वाटही असती. ज्याला नाइलाजाने सुटतं त्याच्यासाठी हा नियम म्हणजे मोठाच न्याय आहे.

पण माझ्यासारख्या मुलींकडे आजवर एक हुकमी वाक्य होतं. "आता मधेच कसं सोडू, अर्धवट राहील ना!" पहिल्या वर्षाचा नुसता कागद कोणालाच नको असायचा, म्हणून घरचे दोन वर्षं थांबायचे. किती मुली या एका वाक्याच्या जोरावर पदवीधर झाल्या असतील! आता ते वाक्य चालत नाही. अर्धवट राहतच नाही ना काही. दर वर्षाच्या शेवटी एक दार आहे, आणि माझं शिक्षण दर वर्षाच्या शेवटी नव्याने चर्चेला येणार.

म्हणून मी भावनेचं राहू दिलं आणि हिशेब केला. एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर मला नोकरी काय मिळेल ते बघितलं. पोलीस भरतीला बारावी लागते, ती माझ्याकडे आजच आहे. तलाठीला पदवी लागते. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला पदवी लागते. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते. पदवीनंतरचं बीएड करायचं, तीन वर्षांचं एलएलबी करायचं, तरी आधी पदवी. म्हणजे पहिल्या वर्षाच्या सर्टिफिकेटने यातलं एकही दार नव्याने उघडत नाही. बारावीवर जे मिळतं ते मिळतंच, पदवीवर जे मिळतं ते मिळत नाही. वर्षभराची फी, रिक्षाभाडं, पहाटेचा डबा सगळं घालून आपण असतो तिथेच.

आणि "परत बसता येतं" याबद्दल. हे मी बोलणार होते, पण त्या रविवारी आईच बोलली. आई या विषयांत सहसा पडत नाही. २००४ ला बारावी झाली, लग्न ठरलं, आणि बोलणी झाली तेव्हा "पुढे शिकवू" असं ठरलंही होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. आधी आजोबांचं आजारपण, मग मी, मग भाऊ, मग कारखान्यावरच्या कामगारांचा डबा. पोळी लाटता लाटता आई एवढंच म्हणाली, "वन्सं, सात वर्षं कशी जातात ते मला विचारा." आत्या गप्प झाली. मीही. तव्यावरची पोळी जरा करपली, ती बाबांनी घेतली.

बाबा शेवटी एवढंच म्हणाले, "रोजचा खर्च निघतोय तोवर थांबायचं नाही." ते माझ्याकडे बघून म्हणाले की फळ्यावरच्या गणिताकडे, माहीत नाही. त्यांनी मला तीन वर्षांचं वचन दिलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही, कारण गोदामातली नोकरीही दर अकरा महिन्यांनी नवीन होते. पण सकाळी सव्वासहाला मला कल्याण नाक्यापर्यंत सोडायला तेच येतात, छत्री धरून.

तर आत्या, माझं उत्तर हे असं आहे. गणपतीत सगळे जमू तेव्हा हा विषय निघेलच, तेव्हा मी पुन्हा सांगीन, तेही माझ्या शेडमधल्या आवाजात. स्थळाचं म्हणशील तर बघायला कोण अडवतंय, फक्त त्यांनाही हे वाचायला दे.

आणि बाकीच्या मंडळींनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी जुन्या पद्धतीत तीन वर्षं पूर्ण केलीत. तुमच्या घरी पहिल्या वर्षानंतर कोणी "पुरे" म्हणालं होतं का? मग तुम्ही काय सांगितलंत? जरूर कळवा. माझ्या वहीच्या मागच्या पानावर अजून जागा आहे.

सोमवारी पहिली चाचणी आहे, मागणी आणि पुरवठा. बाबा म्हणाले, पुरवठ्याचं तू लिही, मागणीचं मी सांगतो.